राजाचं ताट थांबलंय

फार फार मागे, राजे अजून लोकांमधून निवडले जात त्या काळी, डोंगर आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत एक लहानसं राज्य होतं. मुलांनो, आणि मुलांच्या पाठीमागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या थोरांनो, त्या राज्यात एक प्रथा होती. तशी प्रथा मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

राज्याच्या पहिल्या राजाला गादीवर बसवताना गावोगावची म्हातारी माणसं जमली. ती त्याला म्हणाली, "आम्ही तुला राजा करतोय, देव करत नाही. आमच्यातल्या कोणालाही कारण सांगितल्याशिवाय कोंडायचं नाही. खरं बोलला म्हणून कोणाची जीभ धरायची नाही. वाटेवर, पाणवठ्यावर आणि न्यायाच्या ओट्यावर थोरामोठ्यांना एक कायदा आणि गरिबाला दुसरा, असं चालायचं नाही. हे हक्क तू आम्हाला देत नाहीस. ते आमचेच आहेत. तू नुसता राखणदार."

राजा म्हणाला, "कबूल. पण माझं चुकलं तर मला कळणार कसं? गादीवर बसलेल्याला कोणी खरं सांगत नाही."

त्यावर एक म्हातारी म्हणाली, "त्यात काय अवघड आहे? रोज दुपारी जेवायच्या आधी चौकात येऊन पुकारा कर. 'कोणाचा हक्क कोणी हिरावलाय का? असेल तर बोला, राजाचं ताट थांबलंय.' कोणी 'आहे' म्हणालं, की त्याचा निवाडा होईस्तोवर घास घ्यायचा नाही. भुकेल्या माणसाला चांगलं ऐकू येतं, बाबा."

राजाने ते मानलं. रोज दुपारी तो चौकात उभा राही आणि स्वतःच्या तोंडाने विचारी. कधीकधी त्याचं दुपारचं जेवण दिवेलागणीला होई.

पण राजे बदलतात. पुढच्या एका राजाला ऊन सोसेना, म्हणून पुकारा वाड्याच्या दारातून होऊ लागला. त्याच्या नंतरच्याने तो आतल्या चौकात नेला. त्याच्याही नंतरच्याने तर थेट मुदपाकखान्याच्या उंबऱ्यावर. मग राजाने स्वतः ओरडणं बरं दिसत नाही, असं कोणीतरी काढलं आणि त्या कामाला चोपदार नेमला गेला. चोपदाराचा गळा गोड. तो पुकारा गाऊन म्हणे. तिथे उत्तर द्यायला असणार कोण? भांडी आणि आचारी. म्हणून "कोणी नाही!" हेही चोपदारच म्हणून टाकी, आणि राजाचं ताट वाढलं जाई.

लोकांना याचं वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं? छे! लोकांना केवढा अभिमान! परगावचा पाहुणा आला की छाती फुगवून सांगत, "आमचा राजा विचारल्याशिवाय जेवत नाही, बरं का." वर्षातून एकदा पुकाऱ्याचा सण होई. त्या दिवशी मात्र राजा चौकात येई. तोरणं लागत, रांगोळ्या पडत, साऱ्या नगराची पंगत बसे. चोपदार पुकारा करी आणि हजारो माणसं एका सुरात उत्तर देत, "कोणी नाही!" जे पोर सगळ्यात मोठ्याने ओरडेल त्याला एक लाडू जास्त मिळे.

आपल्या गोष्टीतला राजा तसा दुष्ट नव्हता. हसतमुख होता, हत्तींना स्वतःच्या हाताने ऊस भरवी. पण त्याला अप्रिय काही ऐकायला आवडत नसे, आणि प्रधानाने ही नाडी बरोबर ओळखली होती.

त्या राज्यात नदीवर एक नावाडी होता. एका सकाळी प्रधानाच्या मुलाचं वऱ्हाड पैलतीरी जायला घाटावर उभं राहिलं. तेवढ्यात एक अडलेली बाळंतीण आली. सुईण पलीकडच्या गावात. नावाडी वऱ्हाडाला म्हणाला, "आधी बाळंतीण, मग तुम्ही. नदीवर आधी अडचण, मग मान." आणि त्याने नाव सोडली. बाळंतीण सुखरूप सुटली. संध्याकाळी शिपाई आले आणि नावाड्याला घेऊन गेले.

नावाड्याची बायको कोतवालाकडे गेली. "माझ्या घरधन्यानं काय गुन्हा केला?"

"चौकशी चालू आहे," कोतवाल म्हणाला.

ती पुन्हा गेली. "वरून हुकूम आहे," कोतवालाने बोट वर केलं. तिने वर पाहिलं. छताला एक पाल होती.

धरण्यामागचं कारण सगळ्या घाटाला ठाऊक होतं, पण उच्चारायची कोणाची छाती नव्हती. दिवस गेले. तुरुंगातल्या ओलीने नावाड्याला ताप भरला. पहारेकऱ्याच्या बायकोने चोरून निरोप दिला, "लवकर सुटला तर सुटला. नाहीतर काही खरं नाही गं बाई."

नावाडीण धावत वाड्याच्या दाराशी गेली. "मला पुकाऱ्याला उत्तर द्यायचंय." दारावरचा शिपाई म्हणाला, "पुकारा आत होतो. आत जायला परवानगी लागते." तिने विचारलं, "ती कोण देतं?" तो म्हणाला, "कोतवाल."

मग तिने सणाची वाट पाहिली. दुसरं ती काय करणार होती?

सणाचा दिवस आला. पंगत बसली, पानं वाढून झाली. चोपदार चांदीची काठी घेऊन पुढे आला आणि गोड गळ्याने गायला, "कोणाचा हक्क कोणी हिरावलाय का? असेल तर बोला, राजाचं ताट थांबलंय!"

"कोणी नाही!" सारी पंगत गरजली.

तो आवाज विरला आणि पंगतीतून एक बाई उठून उभी राहिली. ती म्हणाली, "आहे."

शेजारणीने तिचा पदर ओढला. "अगं, बस खाली! सणासुदीला हे काय अभद्र? उद्या जा की कोणाकडे तरी."

"उद्या पुकारा आत होतो," नावाडीण म्हणाली. मग ती राजाकडे वळली. "महाराज, माझ्या घरधन्याला कोंडलंय. का कोंडलंय, एवढं मला सांगा. त्यानं गुन्हा केला असेल तर मी मुकाट्यानं घरी जाईन. पण सांगा."

चोपदार जागच्या जागी थिजला. आयुष्यभर त्याने हा प्रश्न विचारला होता. उत्तर आल्यावर काय करायचं, ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

पंगतीत कुजबूज सुरू झाली. एका नावाड्यापायी सगळ्यांचं जेवण गार होणार, म्हणून लोक चिडले. आणि चिडले ते त्या बाईवरच! असंच असतं. काटा टाकणारा राहतो बाजूला, आपण बोल लावतो ओरडणाऱ्याला.

प्रधान राजाच्या कानाशी लागला. राजा उठून म्हणाला, "बाई, तुझा निवाडा मी उद्या सकाळी करीन. तोवर अन्नाला शिवणार नाही, हा माझा शब्द. पण माझ्या प्रजेने का उपाशी राहावं? तुम्ही सगळे जेवा."

केवढा जयजयकार झाला! काही म्हाताऱ्यांनी तर डोळे पुसले. राजा विश्रांतीसाठी चौकाच्या कडेला उभारलेल्या तंबूत गेला. तिथे त्याचं ताट वाढून तयार होतं.

"मी शब्द दिलाय," राजा म्हणाला.

"शब्द लोकांना दिलाय, महाराज. लोक बाहेर आहेत," प्रधान म्हणाला. "इथे कोण बघतंय? आणि त्या बाईची काळजी सोडा. सकाळपर्यंत तिची सोय करतो. ती पुन्हा विचारायला यायची नाही."

शेवटचं वाक्य राजाने ऐकलं. त्याचा अर्थ काय, ते त्याने विचारलं नाही. तो ताटावर बसला आणि त्याने घास घेतला. मुलांनो, त्या घासाहून ते न विचारणं मोठं पाप होतं.

पण चोपदार तंबूच्या दाराशीच उभा होता. त्याने पाहिलं होतं आणि ऐकलंही होतं.

प्रधान बाहेर येऊन त्याला म्हणाला, "जा, पुकार. महाराज प्रजेसाठी उपाशी आहेत, आता पंगतीने सुरुवात करावी."

चोपदार पंगतीच्या मधोमध गेला. त्याने नावाडिणीकडे पाहिलं. ती पानाला हात न लावता बसली होती. त्याने श्वास घेतला. या वेळी त्याला सूर लागला नाही. साध्या, फाटक्या आवाजात तो म्हणाला, "महाराज जेवले आहेत."

हात पानांवर थांबले.

"महाराज जेवले आहेत," तो पुन्हा म्हणाला. "आणि ही बाई पुन्हा विचारायला येऊ नये म्हणून सकाळपर्यंत तिची सोय लावायचं ठरतंय. इतकी वर्षं मी रोज 'कोणी नाही' म्हणालो. कोणाला न विचारता म्हणालो. मला माफ करा."

भरल्या पानावरून उठणं ही साधी गोष्ट नाही. तो अन्नाचा अपमान, आणि वाढणाऱ्याचाही. पण पदर ओढणारी ती शेजारीण उठली. तिने पानाला हात जोडले, अन्नाची क्षमा मागितली आणि नावाडिणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग एक लोहार उठला. मग एक म्हातारा, नातवाच्या आधाराने. मग ओळीच्या ओळी उठल्या. प्रधान ओरडला, "शिपायांनो, बसवा यांना!" पण शिपाईही पंगतीलाच बसलेले होते, आणि तेही उठले होते.

राजा बाहेर आला. समोर हजारो वाढलेली पानं, आणि त्यांच्यामागे उभे असलेले लोक. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोतवाल," तो म्हणाला, "नावाड्याला का धरलं?"

कोतवाल लगबगीने त्याच्या कानाशी आला.

"कानात नको," नावाडीण म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

कोतवालाला घाम फुटला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अखेर तो म्हणाला, "त्याने... प्रधानजींच्या वऱ्हाडाआधी एका बाळंतिणीला पलीकडे नेलं."

ते मोठ्याने म्हटल्यावर निवाडा करायला काही उरलंच नाही. म्हणून तर जुन्या माणसांनी कारण तोंडावर सांगायची अट घातली होती. नावाड्याला दोघांच्या खांद्यावरून आणलं. तो जिवंत होता. बायकोने त्याचं तोंड पुसलं, आणि इतका वेळ न रडलेली ती बाई तेव्हा रडली.

"आता जेवा," राजा म्हणाला. कोणी बसलं नाही.

"पुकारा पुरा व्हायचाय, महाराज," चोपदार म्हणाला. त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी तो थांबला. बराच वेळ थांबला. मग मागच्या ओळीतून एक बारीक आवाज आला, "आहे." मग दुसरा, "आहे." एका विणकराचा माग शिपायांनी घरात घुसून नेला होता. एका पंतोजींची शाळा बंद केली होती, कारण मुलं प्रश्न विचारायला लागली होती. सूर्य कलला तरी आवाज संपेनात. अन्न गुरांना घातलं गेलं. राजाने उभं राहून एकेकाचं ऐकलं.

शेवटी चोपदार म्हणाला, "आहे. माझी तक्रार महाराजांवर आहे."

"मी एक घास खाल्ला, हीच ना?" राजाने विचारलं.

उत्तर नावाडिणीने दिलं. "जेवलात त्याचं काही नाही, महाराज. भूक सगळ्यांनाच लागते. पण उपाशी राहीन म्हणालात. उद्या तुम्ही 'न्याय झाला' म्हणाल, तेव्हा आम्ही तुमचं तोंड हुंगून बघायचं का?"

राजाने पगडी काढली आणि लोकांपुढे जमिनीवर ठेवली. "दुसरा राखणदार बघा," तो म्हणाला आणि गर्दीतून चालत गेला. कोणी त्याची हुर्यो केली नाही. लोकांनी मुकाट्याने त्याला वाट दिली.

प्रधानाला मात्र लोकांनी धरलं. "कोंडा याला! त्याच कोठडीत कोंडा!" असा एकच गिल्ला झाला. शिपाई त्याला फरफटत नेऊ लागले. "अरे, माझा गुन्हा काय ते तरी सांगा! माझं ऐका तरी!" तो ओरडला. लोक खदखदा हसले.

"थांबा," नावाडीण म्हणाली. नवऱ्याचं तापलेलं डोकं तिच्या मांडीवर होतं. "सोडा त्याला. सरळ उभा राहू दे. त्याचा गुन्हा त्याच्या तोंडावर सांगा, आणि त्याला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या. तो त्याचाही हक्क आहे."

हसणं थांबलं. शिपायांनी प्रधानाचे दंड सोडले. मग चौकात, सर्वांदेखत, त्याला त्याचा गुन्हा सांगितला गेला, आणि त्याचं बोलून होईपर्यंत कोणी मध्ये बोललं नाही.

तात्पर्य: जो वैऱ्यालाही मिळतो तोच खरा हक्क, आणि कोणी पाहत नसतानाही जो शब्द पाळतो तोच खरा राजा.