आजोबांच्या खिशातला खाऊ

पळसाच्या रानाला टेकून एक इवलंसं घर होतं. त्यात केतकी, तिची आई आणि आईचे बाबा, म्हणजे केतकीचे आजोबा, राहायचे. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायची, त्यावर कसंबसं घर चालायचं. तरी आजोबा बाजारातून रिकाम्या हातांनी कधी आले नाहीत. खिशात नातीसाठी खाऊ असायचाच. कधी गुलाबी बत्तासा, कधी खरपूस रेवडी.

मग व्हायचं तेच झालं. केतकीची दाढ किडली आणि गाल टम्म फुगला.

"बाबा, किती वेळा सांगितलं, तिला गोड देऊ नका म्हणून," आई म्हणाली.

"अगं, आजोबांनी नातीला खाऊ नाही द्यायचा, तर द्यायचं तरी काय?"

"काहीच देऊ नका."

आजोबांचं तोंड एवढंसं झालं. "मग मी संध्याकाळी धाकट्या लेकाकडेच राहायला जातो कसा," असं म्हणून ते पिशवी भरू लागले.  आजोबा नसलेलं घर केतकीला नकोच होतं.

डोळे पुसत ती पानं आणायला रानात गेली. रानात सोनेरी कवडसे नाचत होते. बाभळीवर पिवळे पिवळे गोंडे डुलत होते आणि खाली खोडाच्या डिंकात एक चिमुकली परी अडकली होती. तिचा चंदेरी पंख पार चिकटला होता बिचारीचा.

"हलू नकोस हं," केतकी म्हणाली. प्यायला आणलेलं पाणी तिने थेंब थेंब करून डिंकावर सोडलं. पाणी संपलं, घसा कोरडा पडला, पण पंख अलगद सुटला.

"गुणाची गं माझी," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम ऐक. कुणाचं मन मला बदलता येत नाही, आणि कुणाची वस्तू काढूनही घेता येत नाही."

दाढ ठणकत होती. तीच बरी कर, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण केतकी म्हणाली, "आजोबांच्या खिशात रोज खाऊ असू दे. पण घेणाऱ्याला बाधणार नाही असाच."

"दिला. ज्याचा हात खिशात जाईल, त्याला हवं तेच निघेल आणि सोसेल तेच निघेल." परीने तिच्या सुजऱ्या गालाची पापी घेतली. गुलाबी, निळा, रुपेरी लखलखाट झाला, परी त्या उजेडात विरघळून गेली, आणि दाढेचं दुखणंही तिच्याबरोबर गेलं.

केतकी धावत घरी आली. आजोबा पिशवी घेऊन दारात उभेच होते. तिने त्यांच्या खिशात हात घातला.

"काही नाही गं त्यात आज," आजोबा हळूच म्हणाले.

पण आतून निघाली लाल-हिरवी भिंगरी. आई आधी कपाळाला आठी घालून बघत होती, मग म्हणाली, "हा खाऊ चालेल."

"आई, तूही बघ ना."

"मला कोण आणतंय आता खाऊ," म्हणत आईने हात घातला. हातात आली तिळाची रेवडी. लग्न झाल्यापासून तिच्यासाठी कुणी खाऊ आणला नव्हता. तिचे डोळे भरून आले. तिने रेवडी तोंडात टाकली आणि बाबांकडे बघत राहिली.

आजोबांनी पिशवी खाली ठेवली.

"खा, बाळ," ते म्हणाले. "आणि खाऊन झाल्यावर चूळ भर."