गुडघ्याची पट्टी

“मग माझी जागा गेली कुठं, वस्ताद?”

हिंदुराव वस्तादांना असा जाब विचारायची कोल्हापूरच्या त्या तालमीत कुणाची टाप नव्हती. रणधीरने विचारला, आणि विचारून मानही खाली घातली नाही.

तालमीच्या फुटबॉल संघाचा उद्या अंतिम सामना होता. दुखापतीने घरी बसलेले गडी एकेक करून परतले होते, आणि आघाडीच्या फळीत कोण खेळणार यावरून सकाळपासून कट्ट्यावर रण माजलं होतं. बाकीच्यांची सोय लागली. अडलं ते मधल्या जागेवर. जागा मूळची रणधीरची. त्याचा गुडघा दुखावला तेव्हा नियाज मुल्लाणी तिथं उभा राहिला आणि त्यानंच संघाला इथवर आणलं.

“जागा हाय तिथंच हाय,” वस्ताद म्हणाले. “त्यात नियाज हुबा हाय.”

रणधीरच्या अंगाचा तिळपापड झाला. पेठ मैदानावर येते ती मला बघायला, बदली तो बदलीच, असं बरंच काही तो बोलून गेला. शेवटी म्हणाला, उद्या खेळवलं नाही तर या तालमीची पायरी पुन्हा चढणार नाही.

वस्ताद पानाला चुना लावत राहिले...

“गुडघा?”

“ठणठणीत हाय.”

“नक्की?”

“माझा गुडघा मला म्हाईत. परवानगी न्हाई मागत, वस्ताद. जागा मागतोय.”

वस्तादांनी नियाजला हाक मारली. आपली पट्टी आपण बांधायची नाही, दुसऱ्यानं बांधायची, ही त्या तालमीची जुनी रीत.

“ह्येला पट्टी बांध. आन् पाय खेळण्याजोगा हाय का बघ. तू म्हणशील तसं.”

म्हणजे दुधाची राखण मांजराकडे! रणधीर मनात चरफडला. तरी त्याने पाय पुढे केला, तोही ऐटीत.

नियाज खाली बसला. त्याने गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला आणि रणधीरच्या मस्तकात कळ गेली. तोंडातून त्याने हूं की चूं केलं नाही. पण मांडी थरथरली, आणि नियाजचा हात मांडीवरच होता.

नियाजने वर पाहिलं...

आता याने तोंड उघडायचा अवकाश, सगळं संपणार होतं. रणधीर घाबरला. घाबरला तरी त्याने डोळे वटारलेच.

नियाजने पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि उठून वस्तादांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“बरा हाय. खेळू दे त्याला.”

“तुझी जागा जाईल.”

“जाऊ दे. बरा हाय म्हटलं की, वस्ताद.”

रणधीरला त्याचा भयंकर राग आला. ही मेहेरबानी मागितली होती कुणी? तेच विचारायला त्याने तोंड उघडलं. पण नजर गुडघ्यावरच्या पट्टीवर गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.

वस्तादांनी पान तोंडात टाकलं. सावकाश चघळलं...

“खोटं दोघंबी बोललासा,” ते म्हणाले. “एक सोतासाठी, एक दुसऱ्यासाठी. त्यातलं दुसरं मला उद्या मैदानात पायजे.”