गेणूने लावलेली बूस्टरची रांग

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेणू. सांगितलेलं काम तो करायचाच, त्यात खोट नाही. अडचण एवढीच, की ते कुठं करायचं आणि कुठं नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागायचं. आणि नेमकं तेच सांगायला लोक विसरायचे.

गावच्या दवाखान्यात इंदुमती नर्सबाई होत्या. गेणू त्यांच्या हाताखाली. त्या दिवशी बाई मोठ्या काळजीत होत्या. बूस्टर लशीची बाटली एकदा उघडली की दहा जणांना पुरते, पण त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय ती उघडायची नाही, असा नेम. मागच्या दोन्ही खेपांना माणसं जमली नाहीत आणि बाटली तशीच परत गेली. आज तालुक्याचे डॉक्टर स्वतः येणार होते. आजही कोणी आलं नाही, तर ते लस घाटाखालच्या गावाला हलवणार. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनी घाट उतरायचा कसा?

"गेणू," बाई म्हणाल्या, "चार माणसं दिसतील तिथं जा. म्हणावं, एकदा झालं म्हणून भागत नाही. काही महिन्यांनी जोर उतरतो. पुन्हा करून घ्या."

"येवढंच ना बाई?"

"एवढंच."

चार माणसं कुठं होती? देवळापुढच्या मांडवात. नुकतंच लग्न लागलं होतं. गेणू थेट नवरदेवापुढं जाऊन उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "एकदा झालं म्हणून भागत न्हाई. काही म्हैन्यांनी जोर उतरतो. पुन्हा करून घ्या!"

नवरीच्या मामाने त्याला मांडवातून उचलून बाहेर टाकला. वर दोन ठेवूनही दिल्या.

गेणू गाल चोळत परत आला. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, लग्नघरी असं बोलतात? तिथं म्हणायचं, झालं ते छान झालं, आता जन्मभराला पुरेल."

"आधी सांगायचं की बाई," गेणू म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

तो पुन्हा निघाला. वाटेत सगुणाआजी भेटली. मोठ्या मिनतवारीने तिने आळीतल्या बायका गोळा केल्या होत्या आणि त्यांना घेऊन ती दवाखान्याकडेच येत होती.

"गेणू, आधीच्या दोन सुया झाल्यात बाबा आमच्या," आजी म्हणाली. "आता ही तिसरी घ्यायला चाललोय."

गेणूने हात जोडले. "झालं ते छान झालं आजी. आता जन्मभराला पुरंल."

"असं बाई म्हणाल्या?"

"आत्ताच म्हणाल्या."

"मग उगाच कशाला हात दुखवून घ्या!" आजी म्हणाली, आणि बायका आल्या पावली परत फिरल्या.

हे कळल्यावर बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "गेण्या, येणाऱ्याला कोणी परत पाठवतं का? आता जो कोणी दवाखान्यात पाऊल टाकील, त्याला खुर्चीत बसव आणि घट्ट धर. कितीही सबबी सांगू दे, सुई टोचल्याशिवाय सोडायचं नाही!"

तेवढ्यात जीप थांबली आणि तालुक्याचे डॉक्टर आत आले. गेणूने त्यांना कवेत घेतलं, खुर्चीत दाबलं आणि मागून मिठी मारली.

"अरे सोड! मी डॉक्टर आहे!"

"आसाल. पर सुई टोचल्याबिगर सुटका न्हाई."

"बाई, याला आवरा!"

गेणू कसला आवरतोय? आरडाओरड ऐकून निम्मं गाव खिडकीशी गोळा झालं. सगुणाआजी सगळ्यांच्या पुढं.

"सायेब, तुम्ही घेतली न्हाई व्हय अजून?" तिने विचारलं.

डॉक्टर चाचरले. "कामाच्या गडबडीत... राहून गेलं."

"आन् बाई, तुम्ही?"

बाईंनी पदर सावरला. "अहो, देणं वेगळं आणि घेणं वेगळं. मला सुईची भीती वाटते."

खिडकीत असा हशा पिकला की विचारू नका. दोघांचेही चेहरे पडले. शेवटी डॉक्टरांनी मुकाट्याने बाही वर केली. "बाई, माणसं जमलीच आहेत, उघडा बाटली." बाईंनी त्यांना टोचलं, मग डोळे गच्च मिटून त्यांच्याकडून टोचून घेतलं.

"आता आम्ही बी घेतो!" आजी म्हणाली. बघता बघता दारापुढं चपलांची ओळ लागली. चपलेने नंबर धरायचा आणि आपण लिंबाच्या सावलीला बसायचं, ही त्या गावची रीत. चपला मोजून बाईंना हुंदकाच फुटला. बाटली संपणार होती. लस गावातच राहणार होती.

"गेणू," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आता नीट ऐक. लस घेतलेल्या माणसाला आतल्या खोलीत बसवायचं. अर्धा तास हलू द्यायचं नाही. त्रास होतो का बघावं लागतं."

गेणूने इकडं तिकडं पाहिलं. लस घेतलेली माणसं होती दोनच. त्याने दोघांना आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

आतून दार बडवायला सुरुवात झाली. डॉक्टर गरजत होते. बाई किंचाळत होत्या.

सावलीतली माणसं उठून उभी राहिली. "गेणू, काय झालं रं?"

"काही न्हाई," गेणू हसून म्हणाला. "दोघांनी लस घेतलीया. म्हणून कोंडून ठेवलंय. घाबरू नका, तुमालाबी आसंच ठेवणार हाये!"

मग जे पळाले, त्यांच्यात सगुणाआजी सगळ्यांच्या पुढं होती.

थोड्या वेळाने आतून बाईंचा रडवेला आवाज आला. "गेण्या, अरे रांग तरी आहे ना रे?"

गेणूने दारापुढं नीट निरखून पाहिलं.

"हाये की बाई! चपला सगळ्या जागच्या जागी हायेत," तो अभिमानाने म्हणाला. "फकस्त माणसं तेवढी गेली."