देवाच्या मडक्यातलं पीठ

एका गावात एक भाकर होती आणि अख्खं गाव तिला घाबरून असायचं.

भाकरीला कोण घाबरतं, असं तुम्ही म्हणाल. पण ही भाकर रोजच्या ताटातली नव्हती. गाव ख्रिस्ती लोकांचं, एकाच आळीचं. आळीच्या वरच्या टोकाला चर्च आणि तिथून खाली उतरत गेलेली घरं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन व्हायचं. येशूची आठवण म्हणून पाळकसाहेब एक भाकर मोडत आणि तिचा एकेक तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवत.

ती भाकर घरोघरी पाळीपाळीनं भाजली जायची, पण पीठ मात्र चर्चचं. सुगीच्या सणाला पहिला जोंधळा दळून एका मडक्यात भरत, मडक्याला पांढरं फडकं बांधत. मग ते देवाचं मडकं वरच्या घरापासून निघून दर महिन्याला एकेक घर खाली उतरायचं.

इथवर सगळं छान होतं. पण फार मागे कधीतरी कुणाच्या तरी भाकरीला चीर गेली आणि नेमका त्याच आठवड्यात त्या घरचा बैल मेला. झालं! चिरलेली भाकर म्हणजे घरात लपलेलं पाप, असं ठरून गेलं. ठरवलं कुणी, ते कुणाला आठवत नव्हतं. तेव्हापासून चर्चचा कारभारी दारात उभा राहून भाकर उजेडात धरून पाहायचा. चीर दिसली, की ते घर पुढची पाळी येईपर्यंत मागच्या रांगेत. त्यांच्या हातावर तुकडा नाही.

गंमत अशी, की आळीच्या वरच्या अंगाला कधीच पाप निघालं नाही. जे काही पाप होतं ते सगळं खालच्या अंगाला, आणि तेही सुगीला बरेच महिने उलटल्यावर. शिळ्या पिठाची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकर चिरते, हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. पण ते आपापल्या चुलीपुरतं. देवाच्या मडक्यातलं पीठ शिळं झालं, असं बोलायची छाती कुणाची नव्हती.

आळीच्या अगदी शेवटच्या घरात त्या वर्षी एक सून आली. बोलायला कमी, बघायला जास्त.

तिची सासू मनानं वाईट नव्हती, पण तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "देव बघतोय हं!" दूध उतू गेलं, देव बघतोय. मीठ जास्त पडलं, देव बघतोय. जांभई दिली, तरी देव बघतोय. आठ दिवसांत सुनेला वाटायला लागलं, की या देवाला आपल्या स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसण्यापलीकडे काही कामच नसावं.

देवाचं भय तिलाही होतं, पण ते वेगळ्या घडणीचं. माहेरी शेजारच्या वाड्यावर एक चावरं कुत्रं होतं. त्याला ती घाबरायची आणि लांबच्या वाटेनं जायची. आणि तिचे वडील होते, ज्यांनी कधी हात उगारला नाही. तरी त्यांच्यासमोर खोटं बोलायचं म्हटलं, की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मार बसेल म्हणून नव्हे, त्यांचा चेहरा उतरेल म्हणून. कुत्र्याच्या भीतीनं वाट बदलते आणि बाबांच्या भीतीनं वागणं बदलतं, एवढं तिला कळत होतं. आणि एक गोष्ट नक्की, की कुत्र्याच्या गळ्यात पडून ती कधी रडली नव्हती.

फिरत फिरत मडकं शेवटच्या घरी आलं. नव्या सुनेची पहिलीच पाळी.

"सूनबाई, जपून," सासू म्हणाली. "मागे वरच्या एका घरच्या सुनेनं..." मग थांबून तिनं सुधारलं, "वरच्या नाही, खालच्याच. तिची चिरली. अजून तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. तुझ्या हाताकडं आज सगळा गाव बघणार."

"आणि देव?"

"तो तर बघतोयच!"

रविवारी सकाळी सुनेनं प्रार्थना केली, उकळतं पाणी घातलं, पीठ मळून मळून हात दुखवून घेतले. गोळा लोण्यासारखा दिसत होता. पण थापायला घेतला तशी कडेनं भेग फुटली, आणि तव्यावर टाकली तेव्हा ती भेग पार मध्यापर्यंत गेली. दुसरी केली, तीही तशीच. मडक्यातलं पीठ तिथंच संपलं.

सासू उठली, तिनं दाराला आतून कडी घातली आणि फडताळातून एक वाटी काढली. वाटीत गव्हाच्या पिठाची खळ तयार होती.

"घे. बोटानं भर चिरेत, आणि परत शेक. कळत नाही."

सून त्या वाटीकडे पाहत राहिली. खळ आधीच करून ठेवलेली होती.

"आत्याबाई, हे नेहमी करता?"

"खालच्या आळीत कोण करत नाही ते सांग! तुझ्या आजेसासूनं मला शिकवलं."

"पण देव बघतोय ना?"

"देव बघतोय गं!" सासू वैतागून म्हणाली. "पण देव काय दारात उभा राहून भाकर उजेडात धरतो का? कारभारी धरतो!"

बोलून गेली आणि तिनं स्वतःच जीभ चावली.

सुनेला हसू येत होतं. पण मागची रांगही तिला दिसत होती. अजून धड ओळखसुद्धा न झालेल्या गावात जन्माचं नाव पडणार होतं, पांढऱ्या पायाची. बोटभर खळ, आणि सगळं निभावणार होतं. तिनं वाटीत बोट बुडवलंसुद्धा. पण ज्याची आठवण म्हणून ही भाकर, त्याच्याच हातात ती लिंपून द्यायची? तिला एकदम त्याचा उतरलेला चेहरा दिसल्यासारखं झालं, आणि मागच्या रांगेपेक्षा त्याचंच भय जास्त वाटलं.

तिनं बोट पुसलं. "आत्याबाई, मला भीती वाटते."

"वाटणारच. म्हणून तर लिंप म्हणते."

"नाही, लिंपायची भीती वाटते."

चिरलेली भाकर तिनं स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि चढ चढायला लागली. मागून सासू आली, डोक्यावरचा पदर पार भुवयांपर्यंत ओढून.

चर्चच्या दारात कारभाऱ्यानं फडकं उलगडलं, भाकर उजेडात धरली. चिरेतून उन्हाची रेघ थेट त्याच्या मिशीवर पडली.

"चीर आहे," तो म्हणाला.

"आहे," सून म्हणाली.

"म्हणजे घरात काहीतरी लपवलेलं आहे."

"लपवलं असतं तर चीर दिसली नसती, मामा."

बाकांवर एकाएकी खालच्या आळीच्या बायकांना खोकला सुटला.

"नव्यानं आलीस आणि तोंड वर करून बोलतेस? देवाचं भय नाही तुला?"

"आहे ना," सून म्हणाली. "म्हणून तर आहे तशी आणली."

इतक्यात आतून पाळकसाहेब आले. म्हातारे गृहस्थ, दृष्टी अधू झालेली. भाकर आणा, म्हणाले. कारभाऱ्यानं नाइलाजानं ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला, आशीर्वाद मागितला आणि भाकर मोडली. जिथं चीर होती तिथंच ती हलकेच दोन झाली.

"अरे!" पाळकसाहेब म्हणाले. "किती सोपी मोडली. खालच्या आळीची पाळी आली, की माझी मनगटं भरून येतात. काय घालता गं बायांनो भाकरीत?"

पाळकसाहेबांनी दोन्ही अर्धे भाग वर धरले. "चीर गेली म्हणून तुम्ही भिता? मी ती मोडणारच होतो. जो आपल्यासाठी स्वतः मोडला गेला, त्याच्यापुढे अभंग दिसायची एवढी धडपड कशाला?"

तेव्हा वरच्या आळीच्या बायकांतून एक आवाज आला. कारभाऱ्याचीच बायको होती. "आमची भाकर चिरत नाही, कारण आमच्या वाटेला पीठ ताजं येतं," ती म्हणाली. "पुण्याई-बिण्याई काही नाही त्यात. हे मला लग्नापासून माहीत आहे." कारभारी आपल्या बायकोकडे असा बघत राहिला, जणू तिलाच उजेडात धरून पाहत होता.

मग सगळ्यात मागच्या बाकावरून सासू उठली. पदर आता मागं सरला होता.

"साहेब, आमच्या घरची दरवर्षी चिरायची. मी लिंपायचे. आणि एक सांगते, लिंपायला लागल्यापासून मी तुकडा कधी तोंडात घातला नाही. धाकच वाटायचा. मुठीत धरायचे आणि घरी नेऊन चिमण्यांना घालायचे. देवाला भिऊन देवाच्याच पंगतीतून उपाशी उठत आले मी."

सुनेनं चमकून सासूकडे पाहिलं. दिवसभर देवाचं नाव घेणारी ही बाई देवापासून इतकी लांब बसलेली असेल, हे तिच्या बघणाऱ्या डोळ्यांनाही दिसलं नव्हतं.

"मग आज या," पाळकसाहेब म्हणाले.

"भीती वाटते हो."

"वाटू द्या. मलाही वाटते, दर वेळी हात कापतो. भीत भीतच या. पण या."

सासू जागची हलेना. तेव्हा सून तिच्याजवळ गेली. ओढलं नाही, नुसता हात पुढं केला. दोघी मिळून पुढं गेल्या. सासूच्या तळहातावर तुकडा पडला आणि तिनं तो तोंडात घातला. जोंधळ्याची साधी, जराशी कडवट भाकर. ती सावकाश चावत राहिली आणि डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

पुढच्या महिन्यापासून पाळीच्या घरी ताजं पीठ दळायचं ठरलं. भाकर मळताना बायकांचे हात अजूनही थोडे कापतात, आणि कधीमधी चीरही जातेच. ती तशीच फडक्यात गुंडाळून वर जाते.

तात्पर्य: ज्या भीतीनं माणूस देवापासून तोंड लपवतो, ती भीती माणसांचीच असते; देवाचं खरं भय माणसाला खरं बोलायला लावतं आणि हात धरून त्याच्याच पंगतीला नेऊन बसवतं.