मूठभर मटकीचं शेत

"एका फाळाला एक पोतं? आजपासून एक दाणासुद्धा मिळणार नाही!" राजा दुर्गसेन कडाडला आणि बुटक्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

पळणारच! हे बुटके डोंगराच्या पोटात राहत, खाणीतल्या लोखंडाचे नांगराचे फाळ घडवत आणि त्या बदल्यात राजाकडून धान्य नेत. डोंगरात ना ऊन, ना शेत. कणगीत जेमतेम चार दिवसांचं उरलं होतं.

"महाराज, पोरं उपाशी मरतील हो!" त्यांचा म्हातारा म्होरक्या लोहाप्पा रडवेला झाला.

"मग पिकवा की स्वतः!" राजाने कोठारातून मूठभर मटकी मागवली. "हे बियाणं. डोंगराच्या आतच पिकवून तीन दिवसांत याच्या दुप्पट पीक दाखवा. जमलं तर धान्य पूर्वीसारखं. नाहीतर विसरा!"

दरबार खो खो हसला. लोहाप्पाने कपाळाला हात लावला. त्याच्यामागे बुटक्यांची स्वयंपाकीण रांजणी उभी होती, राजाच्या कमरेएवढी. तिने मात्र चटकन पदर पुढे केला.

"द्या, महाराज! पण मोजायचं कुणाच्या मुठीने?"

"माझ्याच!"

"ठरलं!"

घरी येताच तिने मटकी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी ती फडक्यात घट्ट बांधून पुरचुंडी भट्टीशेजारी उबेला टांगली. लोहाप्पाचा जीव टांगणीला! "अगं, पेरणार कधी?"

"पेरली की! तुम्ही आपले फाळ ठोका."

तिसऱ्या दिवशी भर दरबारात तिने पुरचुंडी सोडली. पांढरेशुभ्र, लांबलांब मोड! राजा मोजू लागला. एक मूठ, दोन, तीन...

"लबाडी!" तो ओरडला. "मटकी तर माझीच होती!"

"मग तुमचे शेतकरी पेरतात ते बी काय आभाळातून पडतं? मागच्या पिकाचंच ना? आणि ज्याने जमीन नांगरतात, तो फाळ कुणाचा, महाराज?"

राजाने आपल्या आचाऱ्याकडे डोळे वटारले. "तुला ठाऊक होतं हे?"

"होतं, महाराज. दर आठवड्याला आपण मिटक्या मारत उसळ खाता. पण मला विचारलंत कुठं?"

राजाला असं हसू फुटलं, की मुकुट डोळ्यांवर आला! "फाळाला पोतं कायम! आणि या बाईला मटकीची गाडीभर पोती! पण रांजणी, या मोडांची उसळ आत्ताच करायची. मी जेवायला बसतो."

"करते की! मीठ आमच्या डोंगरातलं घालते. कांदे तेवढे तुमच्या शेतातले द्या, महाराज. ते काही फडक्यात पिकत नाहीत!"