खाडीतलं घरदार

फार पूर्वी एका खाडीच्या काठी एक नावाडी आपल्या सात वर्षांच्या लेकीसोबत राहायचा. लेकीचं नाव मथू. खाडीत सात खडक होते. वर दिसायचं बोटभर टोक, बाकी सगळं धड पाण्याखाली. नावाड्याचा थोरला भाऊ त्यातल्याच एका खडकावर नाव फुटून गेला होता. म्हणून नावाडी लेकीकडून रोज घोकून घ्यायचा, "पहिला डावीकडे सोडायचा, दुसरा उजवीकडे, तिसरा..."

मथूला ते घोकणं नको व्हायचं. तिने खडकांचं घरदारच मांडलं होतं. "बाबा, हे आजोबा पाय पसरून बसलेत, म्हणून त्यांच्या पाठीमागून जायचं. ही सासू, ती रुसलेली सून. दोघींच्या मधे खूप जागा आहे."

नावाडी भडकायचा. "गप्प बस! माणसं मरतात इथं, आणि तुला भातुकली सुचते? म्हण, पहिला डावीकडे!"

बिचारी मान खाली घालून म्हणायची. तो राग कसला, भीतीच होती ती. पण लेकराला काय कळणार?

एके दिवशी पैलतीराच्या बाजारातून परतताना नावाड्याला घेरी आली आणि तो नावेतच कोसळला. नावेत चार बायका आणि एक तान्हं मूल. ओहोटी लागलेली. बायकांनी वल्ही धरली, मथूने सुकाणू.

"पहिला डावीकडे..." पण पहिला तर घराजवळचा! परतीच्या वाटेवर सगळंच उलटं. तिने पुन्हा सुरुवात केली, तिसऱ्यावर अडकली.

"अगं पोरी, आठव गं!" तान्ह्याची आई रडू लागली.

इतक्यात समोर पाण्यात एक टोक दिसलं. मथूने डोळे पुसले. "अगंबाई, ही तर सून!" म्हणजे पलीकडे सासू असणार, वाट दोघींच्या मधून. मग आजोबा. "पाठीमागून चला, पाय पसरलेत त्यांनी!" घरातली माणसं काय, कुठल्याही दारातून आत शिरलं तरी ओळखू येतात.

नाव काठाजवळ आली तेव्हा नावाडी शुद्धीवर होता. पडल्या पडल्या त्याने सगळं ऐकलं होतं.

"मथे, चुकलं गं माझं," तो म्हणाला. मग त्याने शेवटच्या, एकट्या खडकाकडे बोट केलं. त्याचा भाऊ गेला, तोच हा खडक. "आणि हा कोण?"

"हा काका," मथू म्हणाली. "याच्याजवळून हळू जायचं."

नावाड्याने लेकीला पोटाशी धरलं आणि तो ढसाढसा रडला.

तात्पर्य एवढंच: लेकरू जे लक्षात ठेवतं ते आपल्या पद्धतीने मांडून ठेवतं. पोरखेळ म्हणून तो डाव मोडण्याआधी एकदा शेजारी बसून विचारावं, "बाळा, हे काय मांडलंयस?"