जानूचं ऐकणं

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं की काठी पुढं धरली तर तिचं टोक दिसेना. पाऊस नव्हता, वारा नव्हता, नुसतं पांढरं. भादव्याचे दिवस होते. वाडीच्या वर कातळाचं मोठं पठार आहे, त्याला आम्ही सडा म्हणतो. त्या सड्यावर फुलं आली होती, पण पायाखाली आल्याशिवाय ती कळत नव्हती.

गोष्ट डांबरी सडकेच्या कितीतरी आधीची. माझ्या आजाच्या आजानं पाहिलेली, असं म्हणतात. तेव्हा वाडीत जानू झोरे नावाचा धनगर होता. म्हशी राखायचा. अंगानं काटकुळा, बोलायला कमी. पण तो पुढं चालला की मागच्यांना रान दिसायचं, आणि तो नसला की नुसती झाडं. चालता चालता तो तळहात वर करायचा. सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. जरा दम धरला की समोरच्या झुडपाला शिंगं फुटायची, आणि बघावं तर सांबर उभं.

चैत्रात तो उंबरावर चढलेलं अस्वल दाखवायचा. थंडीत कोवळ्या उन्हाला कातळावर पाय सोडून पडलेला बिबळ्या दाखवायचा. एकदा आषाढात बाजाराला निघालेल्या बायकांना त्यानं खवल्या मांजर दाखवलं. ते अंगाचं वेटोळं करून उतारावरून गडगडत गेलं, आणि बायका बाजार विसरून तशाच माघारी आल्या, असं म्हणतात.

त्याचा शेजारी होता धाकू येडगे. त्याचा आवाज मोठा. त्यानं सड्यावरून हाळी घातली की खाली कोकणातली कुत्री भुंकायची. तो जानूची चेष्टा करायचा. "काय जान्या, आज वाघानं रामराम घातला का न्हाय?"

"घातला की. तुझी चौकशी करत होता. म्हणाला, त्यो वरडणारा कुठं ऱ्हातो?"

तर त्या धुक्याच्या दिवशी धाकूची ठकू हरवली. सात-आठ वर्षांची पोर. रेडकाच्या मागं सड्यावर गेली. दुपार कलली तेव्हा रेडकू एकटंच घरी आलं.

झालं. सगळी वाडी ढोल आणि डबे घेऊन वर धावली. ओळ धरून, बडवत, ओरडत निघाली. सगळ्यांच्या वर धाकूचा आवाज. आमच्याकडं डुकराची शिकार अशीच करायची रीत होती. त्याला हाका म्हणायचे. दणका करून रान पुढं पळवायचं. आणि पोरांना घराघरांत शिकवलेलं असायचं, हाका ऐकू आला की थांबू नका, लांब पळा, उठलेलं डुक्कर मांडी फाडतं.

जानू उशिरा आला. आला तो सरळ धाकूच्या आडवा उभा राहिला.

"धाकू, ढोल थांबव. पोर तुझ्यापासनं पळतीया."

"माझी पोर? माझ्यापासनं?"

"हाक्यापासनं. तिला काय ठावं तू हाईस ते? आन् पुढं कडा हाय."

धाकू गपकन थांबला. मग रडकुंडीला आला. "मग हाक न्हाय मारायची तर बापानं करायचं काय?"

"बसायचं. ऐकायचं."

विचार करा. पोटची पोर कड्याच्या वाटेला आहे आणि बापानं तोंड मिटायचं. धाकू खाली बसला. ओठ थांबेनात, तेव्हा त्यानं घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं. त्याला बघून वाडी बसली. ढोल आडवे झाले. सड्यावर इतकं गप झालं की गवताच्या पात्यावरून थेंब पडलेला ऐकू येत होता, असं म्हणतात.

बराच वेळ काही नाही. मग उजवीकडं टिटवी ओरडली. जानूनं तळहात वर केला. पाऊल भुईवरून चाललं की टिटवी ओरडते. मग आणखी पुढं, सडा संपून झुडपांची जाळी लागते तिथं, भेकर भुंकलं. मग त्याच्याही पलीकडं शेकरू खिर्र करून उठलं, आणि पलीकडं कडाच आहे. पोर कुठून कुठं चालली ते रान एकापाठी एक सांगत होतं. जानू उठला आणि धुक्यात शिरला. पायाचा आवाज नाही.

कड्याच्या तोंडाशी त्यानं काय पाहिलं? गवे. काळे, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मोजता येणार नाहीत इतके, कड्याला आडवे, अंगाला अंग लावून, भिंत घातल्यासारखे उभे. त्यांच्या श्वासानं धुकं विरघळत होतं, आणि त्या उबेत ठकू बसली होती. जानूनं हात जोडले. मोठ्या गव्यानं मान खाली घातली आणि तो एक पाऊल बाजूला सरकला. असं म्हणतात.

ठकू म्हणाली, "काका, या म्हशी कुणाच्या हो? दूध काढाया बघितलं, पान्हवल्याच न्हाईत."

जानूनं तिला खांद्यावर आणली. धाकूच्या तोंडातून घोंगडी निघाली, पण आवाज काही निघाला नाही.

त्यानंतर कितीक वर्षं गेली. जानू म्हातारा झाला. एका पौषात सड्यावर गेला, तो आला नाही. काठी नाही सापडली, घोंगडी नाही सापडली. वाडी वर गेली, ढोल न घेता. आणि त्या दिवशी, म्हणतात, सगळ्या ऋतूंची जनावरं एकदम बाहेर आली. चैत्रातलं अस्वल, आषाढातलं खवल्या मांजर, भेकरं, गवे. आणि त्यांच्यात बिबळ्या, कुणालाही न शिवणारा. सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी होती. माणसं बघत राहिली. मग धुकं आलं.

आजही पौषात एक दिवस वाडी सड्यावर जाते. त्याला जानूचं ऐकणं म्हणतात. लेकुरवाळ्या जातात, म्हातारे जातात, मुंबईहून आलेली पोरं फोन बंद करून जातात. दिवस मावळेपर्यंत कोणी बोलत नाही. रानात माणूस चुकलं तर आमच्याकडं अजून कोणी ओरडत नाही, आधी बसतात. आणि ऐकणं संपलं की वाडीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस कड्याकडं तोंड करून हळूच तेच बोलतो, जे पहिल्या वर्षी म्हातारा धाकू आपल्या हरवलेल्या शेजाऱ्याला बोलला होता:

"जानबा, हाक मारत न्हाय रं. ऐकत बसलोय."